मॅमिलॅरियाचा बुंधा मऊ पडलाय, एचेव्हेरिया सुरकुतलीय. काय चुकतंय?

मूठभर_माती

गोल मॅमिलॅरिया (निवडुंगाचा एक प्रकार) आहे, उंची साधारण 9 सेंमी, जाडी 6 सेंमी. चिनी मातीच्या 15 सेंमीच्या कुंडीत लावलाय. कुंडीला छिद्र आहे, खाली बशी असते. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मी बागेतली माती आणि तळाशी 3 सेंमी खडीचा थर. दर रविवारी अर्धा पेला पाणी. आठ दिवसांपासून मातीलगत तपकिरी पट्टा दिसतोय आणि झाड एका बाजूला कललंय. वरचा भाग मात्र हिरवा आणि टणक आहे, शेंड्याला नवे काटेही येत आहेत.

शेजारच्या कुंडीतल्या एचेव्हेरियाची (जाड पानांच्या गुच्छाचं शोभेचं झाड) पानं सुरकुतली म्हणून पाणी वाढवलं, तरी सुरकुत्या जात नाहीत. शिवाय दांडा लांबत चाललाय, दोन पानांमधलं अंतर वाढलंय. कुंडी आणि माती तशीच आहे. मॅमिलॅरिया कापायचा असेल तर कुठून आणि कसा?

काटेसावर

आधी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तो पट्टा दाबून बघा. वयाने जून झालेल्या निवडुंगाच्या बुंध्याची साल तपकिरी, खरखरीत, बुचासारखी होते. ती टणक असते, वर्षानुवर्षं खालून वर सरकते आणि तिला काहीही करायचं नसतं. पण दाबल्यावर आत जात असेल किंवा ओल लागत असेल तर ती खोडकूज. झाड कललंय म्हणता, म्हणजे कूजच असणार. ती आतल्या आत वर चढते, त्यामुळे बाहेरून हिरवंगार दिसणारं झाडही आतून अर्धं गेलेलं असू शकतं. 'पाणी बंद करून आठवडाभर बघू' हा विचार सोडा, आजच कापा.

पातळ धारदार सुरी, 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस एवढं पुरे. झाड वर्तमानपत्राच्या जाड घडीत धरा. पहिला काप तपकिरी भागाच्या 1 सेंमी वर, आडवा. मग कापलेली बाजू उजेडात धरा. हिरवट गराच्या मधोमध एक बारीक कडं दिसेल, बोटातल्या अंगठीएवढं. झाडाचं पाणी त्यातूनच वर जातं आणि कूजही बहुतेक वेळा तिथूनच चढते. कड्यावर टाचणीच्या डोक्याएवढा जरी नारिंगी किंवा तपकिरी ठिपका दिसला, तरी 5 मिमीची आणखी एक चकती काढा. प्रत्येक कापाआधी सुरी अल्कोहोलने पुसा, नाहीतर तीच सुरी रोग वर नेऊन ठेवते. सगळा काप एकसारखा फिका, डागाशिवाय दिसला की थांबा. मॅमिलॅरियाच्या काही जातींत कापल्यावर पांढरा चीक येतो. तो रोग नव्हे, टिपून घ्या.

आता बहुतेकांची राहून जाणारी गोष्ट. कापाची बाहेरची कड 5 ते 8 मिमी तिरकी तासा, पेन्सिलीला टोक करतो तशी. सुकताना मऊ गर आत ओढला जातो आणि कडक साल जागेवरच राहते, त्यामुळे तळाला वाटीसारखा खळगा पडतो. मुळं फुटतात ती मधल्या कड्यातून. कड तासली नाही तर ती त्या खळग्यातच अडकतात, मातीला टेकत नाहीत.

तुकडा रिकाम्या पेल्याच्या तोंडावर उभा ठेवा, सावलीत आणि वाऱ्यावर. आडवा ठेवलात तर शेंडा उजेडाकडे वळून झाड वाकडं होतं. एवढ्या जाडीला खपली धरायला 10 ते 14 दिवस लागतात. बोटाने हलकेच टकटक केल्यावर कोरड्या पुठ्ठ्यासारखं वाजलं की तयार.

उन्हाची_तिरीप

कापण्याबद्दल वर सगळं आलंय. मूळ कारणाबद्दल लिहिते, नाहीतर नवीन मुळंही याच वाटेने जातील.

तळाच्या खडीने निचरा सुधारत नाही. बारीक माती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खालच्या जाड खडीत उतरतच नाही, दोन्हींच्या सीमेवर अडून बसतं. म्हणजे ओला पट्टा तळातून उचलून 3 सेंमी वर, थेट मुळांपाशी आणला जातो. खडी घालायचीच असेल तर पूर्ण मिश्रणात मिसळा.

दुसरं, निम्मं कोकोपीट फारच झालं. मापाने 3 भाग भरड (प्यूमिस किंवा परलाईट हे हलके सच्छिद्र खडे, नाहीतर विटांचे तुकडे, 3 ते 5 मिमी), 1 भाग चाळलेली माती, 1 भाग कोकोपीट किंवा जुनं पालापाचोळ्याचं खत. विटा फोडल्यावर पडणारा चुरा चाळून टाका आणि तुकडे धुऊन घ्या, कारण तोच चुरा पोकळ्या बुजवतो. बारीक वाळूनेही हेच होतं. परलाईट आधी ओलं करा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. मिश्रण कुंडीत भरून वर पाणी ओता. ते काही सेकंदांत मुरून खालून बाहेर पडायला हवं. वर तळं साचलं तर भरड वाढवा.

कुंडी 15 सेंमी नको. झाडाच्या जाडीपेक्षा 2 ते 3 सेंमी रुंद, म्हणजे तुम्हाला 8 ते 9 सेंमी. जास्तीच्या मातीत पाणी शोषायला मुळंच नसतात, ती ओलीच राहते. भाजलेल्या मातीची कुंडी घेतलीत तर बाजूनेही ओल उडते. जुनं मिश्रण टाकून द्या. जुनी कुंडी पुन्हा वापरणार असाल तर 1 भाग घरगुती ब्लीच आणि 9 भाग पाणी यात 10 मिनिटं बुडवा, मग भरपूर धुवा.

आणि विकत आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती जो कोकोपीटचा घट्ट गोळा असतो, तो पुनर्लावणीत बोटांनी सोडवून काढायलाच हवा. बाहेरचं मिश्रण चार दिवसांत सुकतं, गोळा मात्र दोन आठवडे ओला राहतो. बुंधा नेमका त्या गोळ्यात असतो, त्यामुळे वरची माती कोरडी बघून पाणी घातलं की कूज ठरलेली.

खिडकीतली_बाग

एचेव्हेरियाबद्दल. कोरड्या मातीत पानं सुरकुतली तर झाड तहानलेलं आहे. ओल्या मातीत सुरकुतली तर पाणी ओढणारी मुळंच उरलेली नाहीत. तुमचं झाड दुसऱ्या गटातलं दिसतंय, म्हणून पाणी वाढवून उपयोग झाला नाही, उलट नुकसान वाढलं. खालची एक-दोन पानं कागदासारखी सुकून गळत असतील तर काळजी नको, ते नेहमीचंच. पानं पिवळट, काचेसारखी पारदर्शक होऊन हात लावताच गळली तर कूज.

दांडा लांबलाय तो उजेड कमी म्हणून. लांबलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही. पानांच्या गुच्छाखाली 3 ते 4 सेंमी दांडा ठेवून कापा, काप आतून स्वच्छ आहे ना बघा, खालची पानं काढा, 4-5 दिवस सुकवा आणि कोरड्या मिश्रणात खोचा. उरलेला खुंट निरोगी असेल तर फेकू नका, त्याला बाजूने नवे गुच्छ फुटतात. पानांवरची पांढरी भुकटी बोटांनी पुसू नका, ती उन्हापासून बचाव करते आणि जुन्या पानावर पुन्हा येत नाही.

मूठभर_माती

कापला. तिसऱ्या चकतीनंतर डाग संपले, वरचा 6 सेंमी भाग शिल्लक आहे. कड तासली आहे. एचेव्हेरियाची मुळं खरंच काळी निघाली. खपली धरल्यावर पहिलं पाणी कधी द्यायचं? स्प्रे बाटलीने रोज थोडं चालेल का? आणि तुटलेल्या मुळांच्या टोकांशी कापसासारखं पांढरं दिसलं, तीही बुरशी का?

काटेसावर

6 सेंमी पुष्कळ आहे. खपलीनंतर कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवा, पुरू नका. बाजूने तीन-चार खडे लावून आधार द्या. 25 ते 30 अंश तापमानात 3 ते 6 आठवड्यांत मुळं फुटतात. तोवर झाड थोडं आक्रसेल, ते अंगातलं पाणी वापरत असतं. हलकेच उचलून बघा, धरून ठेवल्यासारखं वाटलं की पहिलं पाणी. त्यानंतर उथळ घोट नकोत. खालून बाहेर येईपर्यंत घाला, बशीतलं ओतून द्या आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत थांबा. स्प्रेने फक्त वरचा थर आणि बुंधा भिजतो, मुळांपर्यंत काही पोचत नाही.

रविवारचा नेम मोडा. बांबूची काडी तळापर्यंत 10 मिनिटं खोचून ठेवा. काढल्यावर ओलसर, गडद दिसली किंवा माती चिकटून आली तर पाणी नाही. रात्री तापमान 10 अंशांच्या खाली जात असेल तर मॅमिलॅरियाला जवळजवळ कोरडंच ठेवा. त्या थंड, कोरड्या विश्रांतीनंतर फुलंही चांगली येतात.

उन्हाची_तिरीप

ते पांढरं काडीने ओढून बघा. मेणचट पीठ लागलं आणि चिरडल्यावर ओलं झालं तर मुळांवरचा पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) आहे. शेजारच्या सगळ्या कुंड्या उपसून तपासा, तो छिद्रातून एका कुंडीतून दुसरीत जातो. लागण झालेल्या झाडाची मुळं धुवा, 70 टक्क्यांच्या अल्कोहोलचा बोळा फिरवा, आठवडाभर सुकवा आणि नव्या मिश्रणात लावा. वरच्या भागावर दिसला तर काटे फुटतात त्या लवदार ठिपक्यांच्या खाचेत कापूसकाडी घाला, कीड तिथे दडते. दर 7 दिवसांनी, तीन-चार वेळा, कारण अंडी एका फेरीत मरत नाहीत. एचेव्हेरियाला मात्र फक्त किडीवर टेकवा, पानावर फिरवलंत तर भुकटी जाईल.

आणि मुळं धरली की थेट कडक उन्हात नका ठेवू. रोज तासभर कोवळं ऊन, मग दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत 4 ते 6 तासांवर आणा. उन्हाने भाजलेला पांढुरका चट्टा कायमचा राहतो.