मदत हवी आहे: आजोबांसाठी सोमा घन आणि त्याची पेटी (नाशिक)

नमस्कार मंडळी,

काचबिंदूमुळे माझ्या आजोबांना आता उजेड-अंधार एवढंच कळतं. सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये झाली. हात आणि डोकं अजून ठणठणीत आहे, पण दिवसभर रेडिओ तरी किती ऐकणार? दसऱ्याला त्यांना सोमा घन करून द्यायचाय, पेटीसकट.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी १९३० च्या दशकात काढलेलं हे कोडं. सारख्या मापाचे २७ ठोकळे चिकटवून सात तुकडे करायचे, एक तीन ठोकळ्यांचा आणि सहा चार-चारचे. सातही जुळले की ३×३×३ चा घन होतो. फिरवून किंवा आरशात सारखे दिसणारे प्रकार वगळले तरी तो २४० प्रकारे जुळतो, म्हणजे एकदा जमला तरी उद्या पुन्हा घेऊन बसता येतं. यात रंग नाही, चित्र नाही, सगळं बोटांनीच कळतं, म्हणून हेच निवडलं.

ठोकळा २५ मिमीचा ठरवलाय. चिकटवण्याआधी प्रत्येकाच्या सगळ्या कडा मिलिमीटरभर मारणार, म्हणजे दोन ठोकळ्यांच्या मध्ये खाच राहील आणि बोट फिरवून ठोकळे मोजता येतील. लाकूड घरचंच आहे. जुन्या नाशकातला आमचा वाडा पाडला तेव्हा एक सागवानी चौकट ठेवून घेतली होती. आजोबा त्याच वाड्यात वाढले.

आता अडचणी.

मे महिन्यात पाइनचा एक नमुना केला होता. तेव्हा घन पेटीत छान सरकत होता. आता श्रावणात तो इतका घट्ट बसलाय की पेटी उलटी करून ठोकावी लागते. न दिसणाऱ्या माणसाला हे चालणार नाही. सागाला किती जागा सोडू?

दुसरं, नमुन्यातले दोन सांधे हाताने दाबल्यावर सुटले. फेविकॉलच वापरलं होतं, रात्रभर शिकंज्यातही ठेवलं होतं.

तिसरं, चार-चारच्या तुकड्यांतले दोन एकमेकांची आरशातली रूपं आहेत. त्यांतल्या एकावर पितळी टाचणीची खूण करावी का?

आणि चौकटीतून २५ मिमीची चौरस पट्टी कोण काढून देईल? मीटरभर पुरेल. दोन ठिकाणी विचारलं, जुनं लाकूड म्हटल्यावर नको म्हणाले.

प्रतिसाद १
लाकूड दमट हवेत रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. तुमच्या पेटीच्या भिंतींच्या रेषा लांबीने धावत असणार, त्यामुळे आतलं माप बदलत नाही आणि घन मात्र फुगतो. म्हणून अडकतो. साग त्या मानाने शांत आहे, तरी ७५ मिमीच्या घनाला उन्हाळा-पावसाळ्यात अर्धा ते पाऊण मिमी फरक धरा. आजोबा दर वेळी तुकडे वेगळे लावणार, म्हणजे कुठलीही बाजू फुगलेली येऊ शकते. एकूण दीड-दोन मिमी सैल ठेवा. तळाला बोट जाईल एवढं भोक पाडा, खालून ढकललं की घन वर येतो. झाकण सरकतं करा, त्याच्या एका टोकाला अंगठ्यापुरता खळगा कोरा, म्हणजे कुठून ओढायचं ते चाचपून कळेल. आतून जवसाचं तेल लावू नका, बंद पेटीत वास महिनोन्‌महिने राहतो. चपड्याचं पॉलिश बरं.

प्रतिसाद २
सुटलेले सांधे आडव्या कापावर, म्हणजे लाकडाच्या रेषा तोडून केलेल्या कापावर असतील, बघा. तिथे लाकूड गोंद पिऊन टाकतं. दोन-तीन ठोकळे सरळ रेषेत असतील तर कापूच नका, अखंड तुकडा ठेवून खाचा तेवढ्या कोरा. जिथे आडवा काप टाळता येत नाही तिथे बांबूच्या काडीची खुंटी घाला. साग तेलकट असतो, चिकटवायच्या आधी थिनरने पुसून लगेच गोंद लावा.
जुनं लाकूड नाकारतात ते खिळ्यांमुळे. एका खिळ्याने रंध्याच्या मशीनची पाती जातात. चुंबक फिरवून सगळे खिळे काढा आणि तसं सांगून जा. तेही गणपतीनंतर, सध्या सगळे मखरांत अडकलेत.

प्रतिसाद ३
टाचणी नको. माझी आई दिसत नसताना विणकाम करते. डावं-उजवं हाताला आधी कळतं, ते शोधण्यातच त्यांना रस वाटेल. खूण करायचीच तर झाकणावर करा, वरची बाजू कुठली ते कळायला.

धागाकर्ता
तिघांचेही मनापासून आभार. नमुन्यात सुटलेले दोन्ही सांधे खरोखर आडव्या कापाचेच निघाले. टाचणी रद्द. उद्या चौकट अंगणात काढून चुंबक फिरवतो. खिळे काढलेलं लाकूड घेणारी सॉ मिल कुणाला ठाऊक असेल तर सांगा, सातपूर, नाशिकरोड, देवळाली, कुठेही यायला तयार आहे.