ॲप बंद असताना पुश (सर्व्हरहून येणारा संदेश) आला की क्रॅश का?
भाऊ, नागपूरच्या कळमना बाजारातले संत्र्याचे भाव दाखवणारं तुमचं ॲप उघडं असलं की ठीक, बंद असताना पुश आला की क्रॅश, असं म्हणता. डेटाबेस मेनॲक्टिव्हिटीत, म्हणजे ॲपच्या मुख्य स्क्रीनच्या कोडात, उघडताय, घोळ तिथंच आहे. ॲपची प्रोसेस (मेमरीत चालू असलेला प्रोग्राम) जिवंत नसली की पुशसाठी अँड्रॉइड झायगोटपासून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या मूळ प्रोसेसपासून, नवी फोर्क करतं, म्हणजे तिची प्रत काढतं. तिच्यात आधी कंटेंट प्रोव्हायडरचं (डेटा पुरवणारा भाग) ऑनक्रिएट, म्हणजे सुरुवातीचं फंक्शन, चालतं, मग ॲप्लिकेशनचं (अख्ख्या ॲपचा मूळ क्लास), मग पुश झेलणारा रिसीव्हर आणि तो हाताळणारी मेसेजिंग सर्व्हिस. ॲक्टिव्हिटी या वाटेत येतच नाही, मग डेटाबेस नल (रिकामा) नाही तर काय असणार! डेटाबेस उघडायची ती जुळणी ॲप्लिकेशन क्लासमध्ये न्या, पण लेझी ठेवा, म्हणजे गरज पडेल तेव्हाच उघडेल. जाहिरातींच्या, नकाशाच्या एसडीके (दुसऱ्यांचे तयार कोडसंच) तिथं कोंबल्या तर प्रत्येक पुशला ते ओझं उगाच. आणि तपासताना 'फोर्स स्टॉप' नका करू बाप्पा, ॲप पुन्हा उघडेपर्यंत पुश पोचणारच नाही. होम दाबून एडीबीतून (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) 'एएम किल' द्या, म्हणजे नुसती प्रोसेस मरेल.