मदत हवी आहे: कॉम्प्युटरमधलं नेमकं कोण डेटा खातंय?

नमस्कार मंडळी, जाणकार असाल तर जरा बघा, माझं डोकं चालेनासं झालंय.

मी चिपळूणला असते, घरूनच अकाउंटिंगचं काम करते. इंटरनेट गावातल्या केबलवाल्याकडून, ३० एमबीपीएस, महिन्याला ४०० जीबी, ते संपले की स्पीड २ वर येतो. अपलोड डाऊनलोड दोन्ही धरतात. आजवर २५० च्या वर कधी गेलो नव्हतो आणि या महिन्यात १९ तारखेलाच ८०% संपल्याचा मेसेज. केबलवाल्याला फोन केला तर म्हणाला ताई मीटर बरोबर आहे, घरात बघा कोण खातंय.

घरात संशय कुणावर तर चिरंजीवांवर, बारावीचं वर्ष आणि रात्री गेम. दोन दिवस बोलून झालं, आता तो माझ्याशी बोलत नाहीये. त्याचं म्हणणं नुसता गेम खेळायला तासाला १०० एमबी पण लागत नाही. आई टीव्हीवर मालिका बघते पण ती सेट टॉप बॉक्सवर.

मग कॉम्प्युटरवर (विंडोज १०, राउटरला केबलने जोडलेला) टास्क मॅनेजर उघडला, नेटवर्कच्या कॉलमवर क्लिक केलं तर सगळीकडे ० नाहीतर ०.१ एमबीपीएस. सर्व्हिस होस्ट नावाचं काहीतरी मात्र पन्नासेक वेळा दिसतंय. हा व्हायरस आहे का? फॉरमॅट मारू का?

कोकणकडा: फॉरमॅट अजिबात मारू नका. सर्व्हिस होस्ट विंडोजचाच आहे, विंडोजच्या बारीकसारीक सर्व्हिसेस त्याच्या नावाखाली चालतात, अपडेट उतरवणारी पण त्यातच. टास्क मॅनेजरमध्ये बाजूच्या बाणावर क्लिक केलं की आत कोण बसलंय ते दिसतं.

पण आधी कॉम्प्युटरच खातोय हे कशावरून? मोबाईल असेल, शेजारी असेल. झोपताना केबलवाल्याच्या साईटवरचा वापराचा आकडा वहीत लिहा, सकाळी परत बघा. एक रात्र कॉम्प्युटर बंद ठेवून, एक रात्र चालू ठेवून.

धागाकर्ती: वही कामाला आली!! बंद असताना रात्रीत जेमतेम ७०० एमबी, ते मोबाईलचं असणार. काल चालू ठेवला तर ११ जीबीच्या वर. झोपेत!! म्हणजे कॉम्प्युटरच, पण सकाळी उठून बघितलं तर टास्क मॅनेजर परत साधूसारखा शांत.

फुकट सल्ला: टास्क मॅनेजर त्या क्षणाचंच दाखवतो ना, चोर येऊन गेल्यावर दिवा लावून काय उपयोग. तुम्हाला मागचा हिशोब पाहिजे. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, डेटा युसेज (विंडोज ११ वाल्यांना हे अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये सापडेल). तिथे गेल्या ३० दिवसांत कुठल्या प्रोग्रामने किती वापरलं याची यादी असते. वर वायफाय निवडलेलं असेल तर बदलून इथरनेट करा, नाहीतर सगळं शून्य दिसेल आणि तुम्ही मला शिव्या घालाल.

डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन पण बघा, अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये. ते इंटरनेटवरच्या कॉम्प्युटरनाही द्यायला चालू असेल तर आपला पीसी लोकांना अपडेटचे तुकडे वाटत बसतो.

कोकणकडा: आणि चोर रंगेहाथ पकडायचा असेल तर रिसोर्स मॉनिटर. स्टार्टमध्ये रेसमॉन (resmon) टाइप करायचं, नेटवर्क टॅब, सेंडच्या कॉलमवर क्लिक. तिथे आकडे बाइटमध्ये असतात, टास्क मॅनेजरमध्ये बिट, तेव्हा आठाने गुणून घ्या.

नवखा: ग्लासवायर टाका, कोण किती नेट वापरतंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, मस्त ग्राफ दिसतो, टाकल्यापासूनच्या मागच्या दिवसांचा पण.

फुकट सल्ला: चांगलंय पण आधी घरात आहे त्याने होतंय का बघू दे, डेटा वाचवायला अजून एक डाऊनलोड कशाला.

धागाकर्ती: सापडला. हसू नका.

डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन निर्दोष, बंदच होतं. डेटा युसेजमध्ये (हो, आधी वायफायच निवडलेलं होतं 😅) सगळ्यात वर २२० जीबी घेऊन बसलंय ते माझं बॅकअपचं सॉफ्टवेअर, फाइल्सची प्रत इंटरनेटवर ठेवणारं! मीच टाकलेलं, मीच डॉक्युमेंट्सचं अख्खं फोल्डर त्याला दिलेलं, क्लायंटच्या फाइल्स जाऊ नयेत म्हणून. पण त्या तर एवढ्याएवढ्याशा, २२० जीबी कुठून येणार.

मग आठवलं. बाबांच्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या कॅसेट्स मी या महिन्यापासून कॉम्प्युटरवर घेतेय, डीव्हीची तासाभराची कॅसेट म्हणजे १३ जीबीच्या आसपास, आणि ते सगळं डॉक्युमेंट्समध्येच ठेवलंय. मावशीच्या लग्नाची कॅसेट कापून ११ जीबीची झालीय आणि रोज संध्याकाळी आई शेजारी बसून सांगते, हे काढ, ते ठेव, त्या मामांचा नाच आधी काढ. मग मी रात्री एक्स्पोर्टला (कापलेल्या व्हिडिओची नवी फाइल बनवायला) लावून झोपते, त्याच नावाने, जुन्या फाइलवरच. एक्स्पोर्ट झाला की बॅकअपवाल्याला वाटतं नवी फाइल आली, की तो अख्खी ११ जीबी पहिल्यापासून पाठवतो. असं वीस वेळा झालंय. वीस!

खात्री करायला काल साडेबाराला अलार्म लावून उठले. रिसोर्स मॉनिटरमध्ये सेंडला सेकंदाला जवळजवळ ३२ लाख बाइट्स, बॅकअपचं नाव सगळ्यात वर, आठाने गुणलं तर २५ एमबीपीएसच्या वर. या वेगाने ११ जीबीला तासभर पुरतो, म्हणून सकाळी काही दिसायचं नाही. बसून बघत राहिले तो आकडा, मावशीचं लग्न कुठेतरी चाललं होतं वर.

आता काय करू? बॅकअप बंद करायचा नाहीये, क्लायंटच्या फाइल्स आहेत.

कोकणकडा: व्हिडिओचं काम डॉक्युमेंट्सच्या बाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, शक्यतो डी ड्राइव्हला. एडिटिंग पूर्ण झालं की शेवटची फाइल एकदाच बॅकअपला द्या. मूळ कॅसेटच्या फाइल्स पण एकदाच, पण या महिन्यात नको. शिवाय बॅकअपच्या सेटिंगमध्ये अपलोडच्या स्पीडला मर्यादा घालता येते का बघा, म्हणजे दिवसा मीटिंगमध्ये आवाज तुटणार नाही. मीटर्ड कनेक्शन (नेट मोजूनमापून आहे असं विंडोजला सांगायची सेटिंग) चालू केलं तर विंडोजचे अपडेटही बरेचसे थांबतात, पण सगळेच प्रोग्राम ते मानतात असं नाही, त्यावर भिस्त नको.

नवखा: चिरंजीवांना सॉरी म्हटलंत का?

धागाकर्ती: सकाळीच म्हटलं. त्याने लगेच विचारलं, मग ९० जीबीचा गेम डाऊनलोडला लावू का. एक तारखेनंतर लाव म्हटलं.

फुकट सल्ला: आणि मामांचा नाच?

धागाकर्ती: ठेवलाय. फोल्डर बदललंय, आईला सांगितलेलं नाही.