१९३५ च्या सुमाराचं आयरिश खेड्यातलं घर रंगमंचावर कसं उभं करावं?

रंगपट_कोल्हापूर: एकांकिका पश्चिम आयर्लंडमधल्या गॉलवेकडच्या गरीब शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात घडते. चूल कशी असावी? छपराला उसाचा पाला चालेल का? ३० एप्रिलच्या रात्री शेजारीण निखारा मागायला येते आणि घरातले सगळे गप्प होतात. हे आपल्या प्रेक्षकांना कसं कळणार?

गवंडीदादा: आधी चूल धरा, सगळं घर तिच्याभोवती असतं. आपल्यासारखी मातीची वैलाची चूल नको. जमिनीलगत दगडांवर आग, वर रुंद धुराडं, बाजूला फिरता लोखंडी दांडा आणि त्याला टांगलेलं काळं भांडं. जळण पीटचं, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजक्या वनस्पतींच्या थराचं. तो विटांसारखा कापायचा. ओल्या पीटमध्ये सुमारे ९० टक्के पाणी, म्हणून वसंतात कापून पसरत, थोडं सुकलं की पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करत. उन्हाळा पावसात गेला की हिवाळ्यात नुसता धूर.
रंगमंचासाठी थर्माकोलच्या विटांवर पांढऱ्या डिंकाने कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) थापा. सॉल्व्हंटचा डिंक थर्माकोल खातो, आणि जवळ हॅलोजन ठेवला तर वितळतो, म्हणून आत एलईडी. पीटला ज्वाळा कमी, धग जास्त. लपलपता पिवळा उजेड नको, मंद तांबडा हवा.

शाहूवाडीकर: पाला नको भावा, रुंद पात लांबूनही उसाचीच दिसते. भाताचं पिंजर घ्या. पेंढ्या वळचणीपासून वर रचत जा. तिकडे किनाऱ्यावर वाऱ्यापायी छपरावरून दोर ओढून भिंतीतल्या दगडी खुंट्यांना बांधत, तेवढं दाखवलं तरी गाव कळतं. नाट्यगृहात आगीचा धोका आहे, पिंजर फक्त वळचणीपुरतं ठेवा. दार दोन तुकड्यांचं हवं: खालचं बंद असलं की कोंबड्या बाहेर आणि उजेड आत. विजेचा दिवा अजिबात नको, तिकडच्या खेड्यांत वीज न्यायचं काम १९४६ पासून सुरू झालं. रॉकेलचा दिवा ठेवा.

लोकसाहित्य_वाचक: तिकडची समजूत अशी की ३० एप्रिलच्या रात्री आणि १ मे रोजी घरातून विस्तव, दूध किंवा लोणी बाहेर गेलं तर वर्षभराच्या लोण्याची बरकत जाते. त्यामुळे प्रसंगाआधी लोणी घुसळताना दाखवाच. आलेल्या माणसाने कामाला देवाचा आशीर्वाद मागून रवीला हात लावायचा, ही रीत होती. न लावणाऱ्यावर लोणी चोरायला आल्याचा संशय. एक पाहुणा आधी हात लावून जाऊ दे, मग शेजारीण हात न लावता निखारा मागू दे. संवाद लागणारच नाही. (लोणी न येण्याचं कारण बहुतेकदा साय फार थंड किंवा फार गरम असणं.)
दारावर सेंट ब्रिजिडचा (ही आयरिश संत) लव्हाळ्याचा क्रॉस लावा. एक काडी उभी धरा, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावरून उजवीकडे ओढा, पाव वळण डावीकडे फिरवा, पुढची काडी आधीच्या दुमडीवरून घ्या. फिरवायची दिशा बदलली की वीण सुटते, सुकी काडी मोडते. हा क्रॉस ३१ जानेवारीला विणतात, म्हणजे तुमच्या प्रसंगात तो वाळून पिवळा पडलेला हवा. लव्हाळा आत्ताच कापून विणा, प्रयोगापर्यंत वाळेल.