मिग-२१ला ‘उडती शवपेटी’ म्हणणाऱ्यांसाठी

डेल्टाविंग (धागाकर्ता)

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला हवाई दलाच्या मिग-२१ या लढाऊ विमानाचा निरोप समारंभ झाला, तो टीव्हीवर पाहिला. पाण्याच्या फवाऱ्यांनी सलामी झाली, इंजिनं बंद झाली आणि फॉर्म ७०० संरक्षणमंत्र्यांच्या हाती दिला गेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फॉर्म ७०० म्हणजे विमानाची वही. उडण्याआधी त्यावर सही केली की विमान तुमचं, उतरून सही केली की ते परत तांत्रिक विभागाचं. अशा किती सह्या केल्या याचा माझ्याकडे हिशेब नाही. गळा दाटून आला होता. तेवढ्यात शेजारी बसलेला भाचा म्हणाला, “गेली एकदाची उडती शवपेटी.”

त्याला तिथे काही बोललो नाही. इथे बोलतो.

सत्तरचं दशक संपता संपता मी हवाई दलात आलो. आधी किरण हे शिकाऊ विमान, मग हंटर हे जुनं लढाऊ जेट, मग मिग-२१, त्यातला टाइप ७७ हा प्रकार. हंटर म्हणजे आजोळ. हातून काही चुकलं तरी पदरात घ्यायचं. वेग कमी पडायला लागला की थरथरून सांगायचं, ‘बाळा, जरा बघ.’ मिग म्हणजे सासर. तिथे सांगणारं कोणी नाही, आपणच ओळखायचं.

पहिल्या दिवसापासून सगळं उलटं. आम्ही नॉट आणि फुटांत वाढलेले, इथे किलोमीटर आणि मीटर. आमच्या कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या यंत्रात विमान जागेवर आणि मागची रेघ कलायची. रशियन यंत्रात विमानाचं चित्रच कलायचं. ब्रेक पायात नाही, स्टिकवरच्या पट्टीत. पंख म्हणजे दोन त्रिकोणी पत्रे. त्यांच्यावर उतरायचं तर फायनलला, म्हणजे पट्टीकडे येतानाच्या शेवटच्या टप्प्यात, ताशी ३०० किलोमीटरच्या वरच वेग हवा, वर नाक एवढं उंच की समोरची धावपट्टी डोळे ताणून शोधायची. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा, पार मागे घेतलात तर पुन्हा पुढे ढकलल्यावर इंजिन जागं व्हायला काही सेकंद लागायचे. फायनलवर काही सेकंद म्हणजे फार मोठी गोष्ट. इंधनही जेमतेम, रीहीट (जादा जोरासाठी इंजिनामागे आणखी इंधन जाळणं) लावलं की काटा डोळ्यांदेखत खाली. म्हणजे आता काय करायचं हे आता ठरवून चालायचंच नाही, ते मघाशीच ठरलेलं असावं लागे.

आजच्या विमानांत स्टिक हलवली की ती संगणकाला विनंती करते आणि झेपेल तेवढंच तो करू देतो. उत्तम आहे. पण बुडाखालून विमान कळणं, आवाज बदलला की हात आपोआप जाणं, हे त्या जुन्या धातूने आम्हाला दिलं. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट डागली ती याच विमानांनी. त्याच्या दोनच दिवस आधी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं तेही यानेच. शवपेट्या असली कामं करत नाहीत.

माझं मत असं की अवघड जुनी विमानं वैमानिक घडवायची, सोपी नवी विमानं फक्त चालक तयार करतात. पटतंय का?

शंकासूर

आठवणी सुंदर लिहिल्यात, निष्कर्ष अजिबात पटला नाही.

२०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत आकडे दिले होते. १९७१ ते एप्रिल २०१२ या काळात ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक गेले. जमिनीवरचे ३९ सामान्य नागरिक गेले, त्यांनी तर कुठल्याच वहीवर सही केली नव्हती. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका मिग-२१ वैमानिकाला ५५ लाखांची भरपाई द्यायला लावली. २००५च्या अपघातात त्यांचं उड्डाण कायमचं बंद झालं होतं आणि दोष विमानात निघाला होता.

घाटात गाडी घालून मी तरबेज झालो, हे सांगायला दरीत गेलेला येत नाही. आठवणी उरलेल्यांच्याच असतात. तुमचा भाचा उद्धट असेल, पण चुकीचा नाही.

डेल्टाविंग

शंकासूर, ते आकडे सगळ्या मिग जातींचे आहेत आणि चाळीस वर्षांचे. किती तास उडाली ते बाजूला ठेवून नुसती किती पडली ते मोजलंत तर एसटीचे अपघात टांग्यापेक्षा जास्तच दिसणार. अनेक वर्षं आमच्या हवाई दलाचा निम्म्याहून मोठा भार या एका विमानाने उचलला. जास्त उडालं म्हणून जास्त पडलं, हा भागही धरा.

भाच्याबद्दल मात्र सहमत. उद्धट आहे.

ओझरकर

मी एचएएलच्या (हिंदुस्तान एअरोनॉटिक्स) ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्य काढलं. आमच्या हातून सहाशेच्या वर मिग-२१ बाहेर पडली, पुढे बायसनचं, म्हणजे सुधारित मिग-२१चं, कामही तिथेच झालं. त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं बोलतो.

तुम्ही दोघंही जुनं आणि अवघड यांची भेसळ करताय. टाइप ७७ उतरताना जो वेग मागतं, तो ते कोरं करकरीत असतानाही मागत होतं. ते त्याच्या पंखांत आहे, वयात नाही. १९५०च्या दशकात रशियनांनी ते उंचावरून येणारी बॉम्बफेकी विमानं अडवायला बनवलं. वर जा, मारा, खाली या. एवढ्यासाठी लहान पंख आणि थोडं इंधन चालतं. त्याच्याकडून आपण खाली जमिनीलगतचे हल्ले करून घेतले, फोटो काढून घेतले, पोरांना शिकवूनही घेतलं. विमान नाही म्हणत नाही म्हणून.

वयाचा प्रश्न निराळा. ओव्हरहॉलला आलेलं विमान आम्ही खिळाखिळा मोकळा करायचो. तडा शोधून सापडतो. त्रास रबराचा, वायरींचा, सीलचा. धातू निदान तक्रार करतो, रबर एके दिवशी गुपचूप सुटतं.

आणि डेल्टाविंग साहेब, ‘दोन त्रिकोणी पत्रे’ म्हणू नका हो. आमच्या माणसांनी रात्रपाळ्या केल्यात त्या पत्र्यांवर.

डेल्टाविंग

माफी असावी. पत्रे शब्द मागे घेतला.

पायरीवरची

मी उडणाऱ्यांपैकी नाही, उडणाऱ्याच्या घरातली. आधी एक किरकोळ हरकत: सासराची उपमा द्यायचीच तर सासरी नांदलेल्या एखादीला विचारून द्या. तिथेही चुकलं की दोष सुनेचाच.

आता मोठी हरकत. आम्ही कॅम्पात राहायचो तेव्हा विमानांचा आवाज कोणालाच खटकायचा नाही. खटकायची ती अवेळी पडलेली शांतता. भर सकाळी सगळं उड्डाण थांबलं की ओळीतल्या सगळ्या बायका काहीतरी निमित्त काढून पायरीवर यायच्या. कोणी तांदूळ निवडायला, कोणी मुलाचे केस विंचरायला. कमांडिंग ऑफिसरची गाडी गल्लीत वळली की नजर फक्त तिच्या चाकांवर. आपल्या फाटकापुढून ती सरळ निघून गेली की सुटल्यासारखं व्हायचं, आणि लगेच स्वतःची लाज वाटायची, कारण पुढे कुणाच्या तरी दारी ती थांबणारच होती.

अवघड विमान वैमानिक घडवतं, असं तुम्ही सहज लिहून जाता. त्याची दुसरी बाजू वाचा: जो परत आला नाही तो नीट घडला नव्हता. तुम्हाला असं म्हणायचं नाही हे मला कळतं. पण चौकशीच्या कागदावर हेच दोन शब्दांत येतं, ‘वैमानिकाची चूक’. २००१ साली राजस्थानात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१मध्ये गेले. ठपका त्यांच्यावरच आला आणि तो पुसण्यासाठी त्यांच्या आईने, कविता गाडगीळांनी, वर्षानुवर्षं झगडा केला. पुण्यातल्या बऱ्याच जणांना तो आठवत असेल. त्या मुलांना विमानाने घडवलं नाही असं म्हणायचं का?

कासवगती

हे वाचून पुढे काही लिहवत नाही. वाचतोय.

तेजपूर९६

डेल्टाविंग सर, नमस्कार. मीही टाइप ७७ उडवलं, तुमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तुमचा लेख दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर अडकलो. ‘आधी किरण, मग हंटर, मग मिग.’

सर, आम्हाला हंटर नव्हतं.

आमची वाट किरणवरून थेट आसामातलं तेजपूर. तिथे १९८६पासून मिग ऑपरेशनल फ्लाइंग ट्रेनिंग युनिट होतं. शिकवणारे उत्तम होते, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण किरण संथ, सरळ पंखांचं, आवाजाच्या वेगाच्या जवळपासही न जाणारं. तिथून उठून एकदम आवाजाच्या दुप्पट वेगाच्या विमानात. सोबत बसायला दोन आसनी मिग होतं, पण त्यात मागच्या शिक्षकाला पुढचं जवळजवळ दिसायचंच नाही. उतरताना तो एका छोट्या पेरिस्कोपमधून बघायचा.

म्हणजे तुम्ही ज्याला मिगची शिकवण म्हणता ती तुम्हाला हंटरने दिली. वेगात विचार कसा करायचा, फायनल कशी बांधायची, नजर कुठे ठेवायची, हे चुकायची सोय असताना तुम्ही शिकून घेतलंत. मिगने फक्त परीक्षा घेतली. आमच्या वेळी पुस्तक काढून घेतलं आणि परीक्षा तीच ठेवली.

मधली पायरी हवी, प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, असं एका समितीने १९८२ साली सांगून ठेवलं होतं. त्यासाठी हॉक विमानांचा करार झाला २००४मध्ये, ती सेवेत आली २००८मध्ये. सव्वीस वर्षं. मी त्या सव्वीस वर्षांतला. मिगवर माझाही जीव आहे, चंदीगडचा कार्यक्रम मीही डोळे पुसत पाहिला. पण त्याने मला घडवलं असं मी म्हणणार नाही. मी वाचलो. माझ्या कोर्सचे दोघं वाचले नाहीत, आणि त्यातला एक माझ्याहून चांगला उडवायचा.

शंकासूर

तेजपूर९६, मी आकड्यांत जे मांडत होतो ते तुम्ही माणसात मांडलंत. धन्यवाद.

ओझरकर

पेरिस्कोपचं खरं आहे. आम्ही त्याची काच पुसायचो तेव्हा वाटायचं, यातून बघून कोणी एवढ्या वेगात उतरवतं?

डेल्टाविंग

दोन दिवस उत्तर दिलं नाही. तेजपूर९६, तुमचा प्रतिसाद वाचून बाहेर फिरायला गेलो.

जे लेखात लिहिलं नव्हतं ते लिहितो. मिगवर माझी दहावी-बारावी सॉर्टी, म्हणजे उड्डाण, असेल. कोणता तळ ते सांगत नाही, चूक सर्वस्वी माझी होती. फायनलवर थोडा खाली होतो, वेग जास्त वाटला म्हणून थ्रॉटल हवं त्यापेक्षा मागे घेतलं. मग विमान बसायला लागलं. बसायला म्हणजे खुर्चीखालून जमीन काढून घ्यावी तसं. थ्रॉटल पुढे मारलं आणि वाट पाहत राहिलो. ते सेकंद मला आजही मोजता येतात. नाक ओढून वर घ्यावं असं सगळं अंग सांगत होतं. ओढलं असतं तर तिथेच संपलं असतं, कारण त्या पंखांना नाक वर केलं की हवेचा अडथळा वाढतो आणि विमान आणखी खाली जातं. मी ओढलं नाही. धावपट्टीच्या अलीकडे मातीत टेकलो, उसळलो, पट्टीवर आलो, टेल शूट (वेग कमी करणारी शेपटाकडची छत्री) उघडलं. टायर फाटला. बाकी काही नाही.

का ओढलं नाही? इतकी वर्षं मी सांगत आलो की मिगने हातांना शहाणपण दिलं. पण दहा-बारा सॉर्टींत कसलं शहाणपण येतंय. हंटरवर माझ्या मागे—खरं तर शेजारी, दोन आसनी हंटरमध्ये शेजारी बसतात—जे शिक्षक होते त्यांनी हीच चूक माझ्याकडून मुद्दाम करवून घेतली होती. तीनदा. वरच्या हवेत, भरपूर उंची हाताशी ठेवून. तिसऱ्या वेळी मी ओढलं नाही तेव्हा ते फक्त ‘हं’ म्हणाले होते.

तर, तुमचं बरोबर आहे. शीर्षक आता बदलता येत नाही, नाहीतर बदललं असतं.

पायरीवरची ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या त्या दिवशीच्या कागदावरही ‘वैमानिकाची चूक’ असंच लिहिलं गेलं आणि ते खरं होतं. फरक इतकाच की ते वाचायला मी होतो.

एक मुद्दा मात्र सोडत नाही. संगणक चूक करू देत नाही हे चांगलंच. पण चूक कशी असते ते कुठेतरी, उंचावर, कोणी शेजारी असताना, अंगाला कळायला हवं. ते शिकवायला जुनं साधं विमान अजून लागतं असं माझं मत.

शंकासूर

आता मात्र तुम्ही धागा सुरू केलात त्याच्या नेमकं उलट बोलताय. अवघड विमान घडवतं म्हणालात, आता साधं विमान शिकवतं म्हणताय. आणि ती चूक आता सिम्युलेटरवर शंभरदा करता येते, टायर न फाडता.

तेजपूर९६

सिम्युलेटरवर करता येते, पण तिथे घाम येत नाही. या मुद्द्यावर मी सरांच्या बाजूने. उरलेल्यावर तुमच्या.

पायरीवरची

डेल्टाविंग, लिहिलंत ते बरं केलंत. भाच्यालाही सांगा, टायरसकट.

ओझरकर

साहेब, एक विचारू? ते टायर फाटलेलं टाइप ७७. त्याचा नंबर ‘सी’पासून सुरू होत असणार. आकडा आठवतो का? तेव्हाची आमची बरीचशी विमानं मला नंबरावरून आठवतात.

डेल्टाविंग

तोंडपाठ नाही. लॉगबुक माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. उद्या भाच्यालाच वर चढवतो.