शेवट पाठ असलेली प्रेमकथा पुन्हा का वाचावीशी वाटते? कोल्हापूरकर वाचकांचे अनुभव

आपल्यापैकी अनेकांच्या घरी एक कादंबरी अशी असते की, पुढे काय होणार हे तोंडपाठ असूनही मन थकले की हात तिच्याकडेच जातो. अशा पुस्तकाचा अनुभव वाचकांनी येथे सांगावा, मात्र आजच्या काळातल्या, आपल्यासारखी माणसे असलेल्या प्रेमकथेविषयीच लिहावे. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर आपल्या गावात एरवीही भरपूर बोलले जाते. पुस्तकाचे नाव मुद्दाम देऊ नये, कारण नाव आले की चर्चा लेखकाच्या थोरवीकडे वळते आणि वाचणारा बाजूला राहतो. पुस्तक केव्हा उघडता, कोणत्या प्रसंगाशी उघडता आणि तेथेच का, एवढे सांगावे. मी स्वतः पहिल्या भेटीचे प्रकरण कधीच वाचत नाही. भांडण मिटल्यावर ती दोघे शिळ्या भाकरीचा कुस्करा खात विजेचे बिल कोणी भरायचे यावर बोलतात, तेथून मी सुरुवात करते. त्यांचे जमले हे मला त्या बिलावरून पटते, प्रेमाच्या दोन पानी कबुलीवरून नव्हे.

राजारामपुरी, बँकेत नोकरी
मार्चअखेरीस घरी परतायला रात्र होते. तेव्हा नवी कादंबरी हाती घेण्याची ताकद उरत नाही, कारण नव्या पुस्तकात नावे लक्षात ठेवावी लागतात, कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवावे लागते, आणि नेमके तेच काम दिवसभर केलेले असते. माझ्या कादंबरीतला नायक नायिकेच्या आईच्या घरचा बिघडलेला गीझर काही न बोलता दुरुस्त करून निघून जातो. आईला तो आवडत नसतो आणि त्यानंतरही लगेच आवडू लागत नाही, हे मला फार खरे वाटते. सासूबाई विचारतात, “तेच पुस्तक परत? पाठ झालं न्हाई व्हय अजून?” त्यांची मालिका मात्र दुपारी पुन्हा दाखवतात तेव्हा त्याही चुकवत नाहीत.

नागाळा पार्क, गृहिणी
ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच मागे टाकली होती आणि आम्ही बहिणीकडे आसरा घेतला होता. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने पती कऱ्हाडात अडकले होते. घर सोडताना कागदपत्रे आणि सासऱ्यांची औषधे घेतली त्याच पिशवीत ही कादंबरीही कोंबली होती. का, ते तेव्हा कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे शहरभर नळ कोरडे होते. टँकरच्या रांगेत कळशी पायाने पुढे सरकवत मी एकच प्रकरण वाचत असे, ज्यात नायिका रात्रभर उशिरा धावणाऱ्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसलेली आहे. पहिल्या वाचनात त्या पानांचा मला कंटाळा आला होता, कारण त्यांत काहीच घडत नाही. रांगेत मात्र तिचे घड्याळाकडे पाहणे, चहावाल्याला उगाचच फलाट क्रमांक विचारणे, पिशवीची चेन उघडून पुन्हा लावणे, हे सगळे मला ओळखीचे वाटू लागले. तिची गाडी येते हे मला ठाऊक होते. महामार्ग केव्हा सुरू होईल, हे मात्र कोणीच सांगू शकत नव्हते.

शिवाजी पेठ, मानसशास्त्राचे अध्यापन
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील लेविट आणि ख्रिस्टेनफेल्ड या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लघुकथेचा शेवट आधीच सांगितलेल्या वाचकांना ती सरासरीने अधिक आवडल्याचे दिसले. लघुकथेवरून कादंबरीचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, तरी वरच्या फलाटाच्या अनुभवाशी त्याचा मेळ बसतो: पुढची काळजी मिटली की लक्ष बारीकसारीक गोष्टींकडे जाते.

उद्यमनगर, कारखानदार
थोडा वेगळा सूर लावतो. कॉलेजच्या काळात जी कादंबरी मी उशाशी ठेवून झोपत असे, तिचा नायक नकार मिळाल्यावरही रोज मुलीच्या बसथांब्यावर उभा राहतो. आता माझी मुलगी त्याच वयाची आहे, आणि ती पाने आली की मला त्याला जाब विचारावासा वाटतो. तरीही पुस्तक टाकवत नाही, कारण उत्तरार्धात वडिलांच्या आजारपणात त्या दोघांनी आलटून पालटून काढलेल्या रात्री फार उत्तम लिहिल्या आहेत. त्यामुळे सध्या मी निम्मीच कादंबरी वाचतो.

मंगळवार पेठ, निवृत्त शिक्षिका
आपल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या, १८५० पासून चालत आलेल्या ग्रंथालयाचे गावावर मोठे ऋण आहे, आणि मीही वाचनालयातूनच पुस्तके आणत आले. माझ्या आवडत्या कादंबरीच्या तेथील प्रतीत, नायिका शहर सोडण्याचे ठरवते त्या परिच्छेदाशेजारी कोणीतरी पेन्सिलीने ‘जाऊ नको’ असे लिहिले होते आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘जाऊ दे तिला’. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये, हे मी जन्मभर मुलांना शिकवले. तरीही पुढे विकत घेतलेली कोरी प्रत वाचताना तो समास मला मोकळा मोकळा वाटतो.

करवीर तालुका, ऊस उत्पादक
शेतीची वीज आठवड्याच्या पाळीने रात्री येते, तेव्हा उसाला पाणी पाजायला मीच जातो. दारे धरताना एका कानात इअरफोन लावून मी बायकोच्या आवडीची प्रेमकथा ऐकतो. नवी कथा तेथे चालत नाही, कारण एका सरीचे दार मोडून दुसरीला पाणी वळवताना चार वाक्ये निसटतात आणि पुढचे कळेनासे होते. पाठ असलेल्या कथेत हा धोका नाही, आणि विहिरीकडच्या अंधारात ओळखीचा आवाज बरा वाटतो. तक्रार एकच आहे. नायकाचे पत्र नायिका परत करते, ते वाक्य निवेदिका अगदी रडवेल्या सुरात वाचते. छापील पुस्तकात मी ते काढून पाहिले. तेथे ती चिडलेली आहे. बायकोचे मत विचारले, तर ती म्हणाली की दोन्हीही आहे, आणि पुस्तक माझ्या हातातून काढून घेऊन ती स्वतःच पुढे वाचत बसली.