मदत हवी आहे: काळ्या मातीत कुत्र्यांच्या विष्ठेचा खड्डा कसा करावा?

लातूरला कॉलनीच्या मोकळ्या जागेत कुत्र्यांच्या विष्ठेसाठी खड्डा करायचाय. पाणी मारून धुणं इथं परवडत नाही, अन् धुतलं तरी घाण नालीतच जाते. दोन फूट खोल, बुडाला वीटतुकडे, वर झाकण. दोन भाग विष्ठेला एक भाग लाकडाचा भुसा, इथवर ठरलंय. उचलायला फक्त रद्दी कागद (प्लास्टिकच्या पिशवीसकट टाकणारे महाभाग आहेतच). खत भाजीला नकोच. विष्ठेतल्या गोलकृमीची (पोटातल्या जंतांची) अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, अन् ती मारायला लागणारी ६० अंश उष्णता छोट्या ढिगात धरत नाही.

अडचण मातीची. पावसाळ्यात फुगते, पाणी मुरत नाही, खड्डा तुंबतो. मुरूम लागेपर्यंत खोदावं, की तळ कापलेला ड्रम अर्धा जमिनीवर ठेवावा? आणि बोअरपासून किती अंतर सोडावं?